पहिला फॉल्ट कोणाचा

साबणाच्या वड्या कागदात गुंडाळणारं ते यंत्र बंद पडलं की कारखान्यात लगेच दोन पक्ष पडत. फिटर म्हणत, वायरिंगमध्ये घोळ आहे. इलेक्ट्रिशियन म्हणत, बेअरिंग गेलंय. दोघं एकमेकांच्या नावानं खडे फोडत असताना स्क्रीनवर लाल ओळींची गर्दी झालेली असे. पट्टा थांबला, हवेचा दाब उतरला, कागद तुटला. एकाचं बिनसलं की त्याच्या मागोमाग बाकीचे माना टाकत, आणि मूळ दुखणं कुणाचं ते कुणालाच कळत नसे.

वहिनींना हे भांडण घरीही ऐकावं लागे. त्या इलेक्ट्रिकल खात्यात यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरचे प्रोग्राम लिहीत, आणि त्यांचे यजमान फिटरांचे मुकादम. म्हणून फिटरांनी त्यांना वहिनी करून टाकलं होतं, आणि त्याचा वचपा म्हणून इलेक्ट्रिशियन मुकादमांना जावईबापू म्हणत.

शेवटी वैतागून वहिनींनी नवा प्रोग्राम लिहिला. डोळ्याचं पातं लवायच्या आत कंट्रोलर सगळे सेन्सर तपासत असतोच. तेव्हा जो फॉल्ट सर्वांत आधी आला त्याला वर ठळक बसवायचं आणि मागून आलेल्यांना खाली फिकट अक्षरांत गप्प करायचं. साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. प्रोग्रामनं फॉल्ट बरोबर पकडला तर तो सगळ्या यंत्रांवर चढेल, नाहीतर जुनाच परत. मात्र फॉल्ट आपणहून यायला हवा.

"चोरही तुम्ही आणि पोलीसही तुम्हीच, असं चालायचं नाही," साहेब म्हणाले.

रात्री जेवताना नवराबायकोची पैज लागली. पहिला फॉल्ट ज्याच्या खात्याचा निघेल त्यानं वर्षभर सकाळचा चहा करायचा. मुकादमांनी इतक्या घाईनं हात पुढे केला की आमटीची वाटी लवंडली.

आणि तिथंच सगळं फसलं. स्क्रीनवर पहिलं नाव आपलं नको, या धास्तीनं फिटरांनी बोल्ट न् बोल्ट आवळला. इलेक्ट्रिशियनांनी टर्मिनल न् टर्मिनल पुसलं. पाहुणे आल्यावर घरातली पोरं वागतात तसं यंत्र वागू लागलं. एरवी दिवसातून दोनदा रुसणारं ते धूड आता ढिम्म बिघडेना. स्क्रीनवर आपलं एकच, 'सर्व ठीक'.

"एवढं तर मलाही लिहिता येतं," साहेब म्हणाले.

यंत्र बिघडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बाई त्या कारखान्यानं पहिल्यांदाच पाहिली. फिटर येताजाता मुद्दाम विचारत, "वहिनी, बरी आहे ना तब्येत यंत्राची?"

शुक्रवारी दुपारी साहेब घड्याळ बघतच आले आणि म्हणाले, जुना प्रोग्राम चढवा. वहिनींनी मुकाट्यानं लॅपटॉपची केबल जोडली. यंत्राच्या मागच्या बाजूला, उघडली की यंत्र बंद करणाऱ्या सुरक्षेच्या जाळीपाशी, तेलाची बुधली घेऊन मुकादम उभे होते. घरी एका शब्दाला चार शब्द देणारी आपली बायको एक अक्षर न बोलता केबलकडे बघतेय, हे त्यांनी पाहिलं. बुधली खाली ठेवली. जाळीच्या दाराला रेलले.

यंत्र खाडकन थांबलं. खाली फिकट ओळींची रांग लागली, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत उमटलं: 'पहिला फॉल्ट: मागची जाळी उघडी'.

सगळे स्क्रीनपाशी धावले. मग एक फिटर रडवेल्या आवाजात म्हणाला, "मुकादम, जाळी आपल्याच खात्यात येते हो."

"कोपर लागलं," मुकादम म्हणाले. "कडी जरा सैल असेल."

ती कडी सकाळी त्यांनीच आवळली होती, आणि ते वहिनींनी पाहिलं होतं. वहिनींनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. मग इलेक्ट्रिशियन हसले, मग नाइलाजानं फिटरही.

साहेबांनी स्क्रीन वरून खालपर्यंत वाचली. "चोर तुमच्या घरचाच निघाला," ते वहिनींना म्हणाले, "पण पकडलात खरा. चढवा सगळ्या यंत्रांवर."

शनिवारी सकाळी वहिनी अंथरुणातच होत्या. स्वयंपाकघरात भांडं आपटलं, पाठोपाठ झाकण गडगडत गेलं.

"अहो, काय झालं?"

"पहिला फॉल्ट, दूध उतू गेलं," आतून आवाज आला. "बाकी सगळं त्यामुळे."

"उद्यापासून चहा मी करावा म्हणून मुद्दाम केलंत ना?"

आत झाकण उचलून ठेवल्याचा आवाज झाला.

"कोपर लागलं."