आत्याचा अर्धा पीळ

आत्या नक्की कुणाची आत्या, हे शोधायला गेलं तर सख्ख्या अशा दोनच भाच्या सापडतील. बाकी सगळं गाव तिला आत्या म्हणायचं ते पाणीखात्यामुळे. एकतीस वर्षं तिनं गावाच्या गळत्या बंद केल्या, आणि माणूस गळती बंद करायला घरी आला की त्याच्याशी नातं जोडावंच लागतं, नाहीतर तो उद्या येतो.

ती खात्यात लागली होती सामानाच्या खोलीत, झाडायला आणि वायसर मोजायला. पद तात्पुरतं. एका दुपारी मोठी लाईन फुटली, दोन्ही फिटर कुठल्याशा लग्नाला गेलेले, आणि साहेब टेलिफोन हातात धरून नुसते घामाघूम. आत्यानं भिंतीवरचा सगळ्यात मोठा पान्हा काढला आणि चालायला लागली. दोन तासांनी मानेपर्यंत भिजून परत आली आणि म्हणाली, "बंद केलं. पान्हा मी नेला होता, वहीत लिहून ठेवा." त्यानंतर तिच्या हातात झाडू द्यायची कुणाची छाती झाली नाही. पद मात्र पुढची चौदा वर्षं तात्पुरतंच राहिलं.

तिची खूण म्हणजे अर्धा पीळ. जोड बसला, पाणी सोडून बघितलं, थेंब नाही, सगळे हात पुसायला लागले, तरी आत्या पुन्हा पान्हा लावायची आणि आणखी अर्धा पीळ द्यायची.

"आत्या, पाईपाला रडवतेस का?" बरोबरचे फिटर विचारायचे.

"तुमच्या हातचा रडतो. माझ्या हातचा गप्प बसतो."

आत्यानं बसवलेला नळ पुढे दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडायचा नाही, ही तक्रार मात्र खरी होती.

निवृत्त झाली तेव्हा खात्यानं तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करणारे. ते आठवडाभर घुश्श्यात होते. "माझ्या घरात बाहेरचं घड्याळ? उद्या तुला कुणी नवरापण भेट देतील." आत्याला हसायलाही वेळ नव्हता, कारण ती घरातली सगळी झाकणं आवळत होती. चार महिन्यांत डबे, बरण्या, बाटल्या, प्रेशर कुकरचा दांडा, काही सुटलं नाही. सून इस्पितळात परिचारिका. ड्युटीवरून भुकेली यायची आणि बिस्किटांच्या डब्याशी झटापट करायची. "आई, भरलेल्या घरात उपाशी मरायची पाळी आणलीत तुम्ही."

म्हणूनच तंत्रशाळेच्या दारावर 'संध्याकाळच्या नळजोडणी वर्गासाठी शिक्षक पाहिजे' अशी पाटी दिसली, तेव्हा सुनेनंच आत्याला ढकलत तिथं नेलं.

प्राचार्य तरुण होते. इस्त्री कडक, बोलणं मऊ. कार्यशाळेच्या कोपऱ्यातच त्यांचं टेबल, आणि त्या टेबलामागे एक नळ ठिबकत होता. खाली बादली, बादलीच्या आत हिरवट कड. म्हणजे दुखणं जुनं. आत्याचे हात शिवशिवले. तिनं ते मांडीखाली दाबून ठेवले.

"शिक्षण?"

"सातवी. आणि एकतीस वर्षं."

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. "आत्या, राग मानू नका. जोड आवळणं वेगळं आणि पाण्याचा दाब समजावून सांगणं वेगळं. आवळायला हात पुरतात. शिकवायला डोकं... म्हणजे शास्त्र लागतं."

"डोकं म्हणालात ते ऐकलं मी."

"तसं नाही हो. पण वर्ग असा बाहेरच्या माणसाला कसा देणार?"

आत्या उठली. दाराशी फलकावर एक कागद लावला होता, त्यापाशी थांबली आणि मोठ्यानं वाचायला लागली. तंत्रशाळेची दरवर्षीची स्पर्धा. पाण्याच्या रॉकेटवर चालणारी गाडी बनवा. बाटलीत थोडं पाणी, वर सायकलच्या पंपानं भरलेली हवा, दुसरं काही इंधन नाही. हवेनं पाणी मागे फेकायचं, गाडीनं पुढे पळायचं. सोबत चित्र होतं आणि खाली ओळ : 'बाहेरच्यांनाही प्रवेश.'

"बाहेरचे म्हणजे कोण?" तिनं विचारलं.

"कुणीही. आजवर कुणी आलं नाही."

"मी बाहेरची. तुम्हीच आत्ता सांगितलंत."

प्राचार्य हसले. हसण्यात दुष्टपणा नव्हता, म्हणून तर आत्याला जास्त झोंबलं. त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. कार्यशाळेच्या दारापासून सायकल स्टँडच्या भिंतीपर्यंत एकशेवीस फूट. गेल्या वर्षी पहिली आलेली गाडी साठ फुटांवर दमली होती. "त्या भिंतीला गाडी लावा आत्या, वर्ग तुमचा."

"शिपाईदादा, ऐकलंत ना?"

चहा घेऊन आलेला शिपाई "ऐकलं" म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला.

नातीची बाबागाडी गच्चीवर पडून होती, नात आता स्वतः पळत होती. त्या बाबागाडीची चाकं निघाली. अर्ध्या इंची प्लास्टिक पाईपचा सांगाडा झाला. यजमानांनी चाकांच्या कण्यात घड्याळाचं तेल सोडलं, एकेक थेंब, सुईनं, जणू आत्या ती गाडी मनगटावर बांधणार होती. वर दोन लिटरची सरबताची बाटली आडवी बांधली.

आता चित्रातली रीत अशी. बाटलीच्या तोंडात बूच, बुचातून सायकलचा व्हॉल्व्ह. पंप मारत राहायचं. दाब सोसेनासा झाला की बूच आपोआप उडतं. सोपं काम, शाळेतली पोरं करतात.

आत्यानं बूच बसवलं. आधी टेप, त्यावर ताग, आणि मग हात थांबायच्या आधीच अर्धा पीळ. घरच्यांना तिनं गच्चीवरच आडव्या केलेल्या टेबलामागे बसवलं, कारण दाबाच्या चाचणीला समोर उभं राहायचं नाही हा खात्याचा नियम. पंपावर दाबाचा काटा होता. पन्नास पौंड. सत्तर. बाटली फुगली, कुरकुरली.

"आता सुटेल," आत्या म्हणाली.

"तुझ्या हातचं आहे," टेबलामागून यजमान म्हणाले, "सुटणार नाही."

नव्वदच्या पुढे बाटलीच फुटली. शेजारच्या तीन गच्च्यांवर माणसं आली. टेबलामागचे सगळे चष्म्यासकट न्हाले. बाटलीची मान तेवढी शाबूत होती, आणि मानेत बूच जसंच्या तसं.

दुसऱ्या खेपेला बूच सैल ठेवायचं ठरलं. वीस पौंडांना ते पादल्यासारखं निघालं आणि गाडी चार फूट जाऊन टाकीपाशी थांबली. तिसऱ्या खेपेला पुन्हा घट्ट. हात ऐकेना. फुकट गेलेल्या बाटल्यांची रांग वाढली.

"आई, जरा सैल सोडायला शिका की," सून म्हणाली.

"जे काम सैल केलं म्हणून एकतीस वर्षं लोकांवर ओरडले, तेच आता करू? आणि त्या वर्गात जाऊन तेच शिकवू? नको मला तो वर्ग."

पण वर्ग तिला हवा होता. तो इतका हवा होता की तिनं त्या दिवशी एकही झाकण आवळलं नाही. सुनेनं यजमानांकडे बघितलं, यजमानांनी मान हलवली. दुखणं मोठं होतं.

सून कुंड्यांना पाणी घालायला उठली. बागेच्या रबरी नळीला नळापाशी खटक्याचा जोड होता, त्याची कडी मागे ओढली की नळी टुणकन सुटते. पाणी घालून झालं आणि नळ बंद करायचं विसरून तिनं कडी ओढली. नळी सापासारखी उडाली आणि सून आपादमस्तक भिजली.

"थांब," आत्या म्हणाली. "पुन्हा कर."

"पुन्हा? आई, अंगावर कोरडं काही राहिलेलं नाही!"

"कर म्हणते ना!"

तीनदा केलं. कडी ओढेपर्यंत एक थेंब नाही. कडी ओढली की सगळं एकदम. आत्या जमिनीवर बसली आणि मोठ्यानं हसली. "मी तरी काय वेडी! रोज पहाटे मोठा व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी कोण सोडायचं? त्याला कुणी गळती म्हणालं का? जोड घट्टच बसवायचा. सुटायचा तो मी म्हणेन तेव्हा."

त्या जोडाचा अर्धा भाग बाटलीच्या झाकणात गेला, अर्धा फळीवर ठोकून पंपाच्या नळीला. कडीला दोरी. प्रत्येक आट्याला तिनं समाधानानं अर्धा पीळ दिला. आणखी एक गोष्ट केली. चित्रात बाटली सपाट होती. आत्यानं बुडाखाली लाकडाचा तुकडा घालून तोंड उतरतं केलं. बाटली सपाट ठेवली की पाण्याच्या वरून हवाच आधी पळते आणि पाणी मागे राहतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हवा धरलेल्या लाईनींनीच ते तिला शिकवलं होतं, भर चौकात आणि लोकांच्या शिव्या खात.

स्पर्धेला तेरा गाड्या होत्या. मुलांची बुचं आपापल्या मर्जीनं उडत होती, कुणाचं तिसाला, कुणाचं चाळिसाला. एकाची बाटली गाडीला तिथंच सोडून एकटी पुढे गेली. सगळ्यात लांब गेलेली अठ्ठावन्न फुटांवर थांबली, आणि टाळ्या झाल्या.

आत्या पंप मारायला लागली. पन्नासाला प्राचार्य जवळ आले.

"बास आत्या, आता उडेल ते."

"नाही उडणार."

"अहो, साठ झाले."

"सर, बाजूला उभे राहा. समोर नाही, बाजूला. दाबाचं शास्त्र आहे ते."

ऐंशीला तिनं पंप सोडला. बाटली ताठ, जोडावर एक थेंब नाही. ती घाई न करता सरळ झाली, कंबर दाबली, पदर खोचला आणि दोरी ओढली.

फस्स झालं, कार्यशाळेचं दार पाण्यानं धुऊन निघालं, आणि गाडी निघून गेली. साठ फुटांची खूण तिनं बघितलीही नसावी. पण नव्वदच्या पुढे बाबागाडीचं जुनं डावं चाक रुसलं. गाडी डावीकडे ओढायला लागली. भिंतीच्या टोकाला लागूनच फाटकाची मोकळी जागा होती, आणि गाडी त्या मोकळ्या जागेकडेच वळत होती. सुनेनं डोळे मिटले. आत्यानं मिटले नाहीत. ठक्क असा आवाज आला. भिंतीच्या कोपऱ्याला लागली होती. वीतभर आणखी डावीकडे भिंतच नव्हती.

"वाकडी गेली," प्राचार्य हळूच म्हणाले.

"भिंत म्हणाला होतात. सरळ म्हणाला नव्हतात."

"मी ऐकलंय," शिपाई म्हणाला. या वेळी त्याला पश्चात्ताप झाला नाही.

प्राचार्य भिंतीपर्यंत चालत गेले. उडालेला पोपडा बघितला, गाडी उचलली, लाकडाच्या त्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. "हा उतार का दिला?" त्यांनी विचारलं. आत्यानं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी गाडी हातात धरून, वाकवून. तिसऱ्यांदा विचारायची गरज पडली नाही, आणि सभोवती जमलेली मुलं कधी बसली ते दोघांनाही कळलं नाही.

नेमणुकीच्या कागदावर 'तात्पुरती, तीन महिन्यांसाठी' असं होतं. प्राचार्य ओशाळले. "संस्थेचा नियम आहे, आत्या."

"असू दे. तात्पुरतं मला चांगलं मानवतं. मागचं चौदा वर्षं चाललं."

पहिल्या संध्याकाळी अकरा जण आले. आत्यानं फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलामागची बादली पायानं बाजूला सरकवली, नळ ठिबकू दिला, आणि पान्हा पुढे केला. पुढच्या बाकावरची शिवणकाम करणारी बाई उठली. तिनं नवं वायसर घातलं, आवळलं, पाणी सोडून बघितलं. थेंब थांबला. बाई खूश होऊन पान्हा परत द्यायला लागली.

आत्यानं हात मागे बांधले होते.

"खाली बसू नको," ती म्हणाली. "अजून अर्धा."