चिमट्यात धरलेली जीभ

आधीच सांगतो — भूतखेत, देवऋषी, अंगात येणं, हे सगळं थट्टेवारी नेणारा मी माणूस. प्रेतं फाडून डॉक्टर झालो, एकही उठून बसलं नाही. तरीही हे लिहितोय... हसायचं तर खुशाल हसा.

१९४४ साल. धुळ्याच्या एका इस्पितळात मी मोठ्या सर्जनसाहेबांच्या हाताखाली होतो. मुंबईत मेंदूची सर्जरी शिकायची संधी चालून आली होती. माझे वडील, नाना, जळगावात माझ्या दवाखान्यासाठी जागा बघून बसलेले. "डोकं फोडून कोणी वाचतं का रे? ताप-खोकला बघ, सुखाने राहा," म्हणायचे. खरं तर मलाही धीर होत नव्हता. मुंबईला उत्तर कळवायचं मी टाळत होतो.

अशात दोंडाईच्याकडून सुकलालला आणलं. कपाशीच्या गाडीवरून पडलेला, पार बेशुद्ध. जखम कुठे दिसेना. डोळ्यांच्या बाहुल्या दोन्ही सारख्याच पसरलेल्या, त्यामुळे मार कोणत्या बाजूला ते कळेना. उजव्या कानशिलावर मात्र ताजा डाग, भोवती सूज. पडल्यावर शुद्धीत होता तेव्हा डोकं दुखतंय म्हणाला, म्हणून घरच्यांनी तापल्या विळ्याने डागलं होतं.

साहेब म्हणाले, "दुखत होतं तिथेच डागलं असणार. रक्त इथेच साकळलंय."

टेबलावर मी डोक्याशी उभा. जीभ मागे पडून श्वास कोंडू नये म्हणून ती चिमट्यात पकडून बाहेर ओढून धरलेली. साहेबांनी उजवीकडे भोक पाडलं. आत काहीच नाही. आणि मला स्पष्ट ऐकू आलं —

"भाऊ, आठे नही... डावी बाजूले शे."

ओठ हलले नव्हते. जीभ तर माझ्या चिमट्यात! नर्सकडे पाहिलं, ती शांतपणे रक्त टिपत होती.

"साहेब, डावीकडे बघू या?"

"कशावरून?"

"...वाटतंय."

"वाटतंय म्हणून कवटी फोडायची? शिवून टाका."

संध्याकाळी सुकलाल गेला. नंतरच्या तपासणीत रक्ताची गाठ सापडली, डावीकडेच.

त्याची बायको व्हरांड्यात बसली होती. विचारलं, "अक्का, मार कुठे लागला होता?"

"डावी बाजूले, भाऊ. दुखनं दुसरीकडे खेचाई जावाले पाहिजे म्हनीसन उजवीकडे डाग दिन्हा. आमनाकडे तशीच रीत शे." मग म्हणाली, "आमले कोनी इचारंच नही."

मला तिथेच रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईला होकार कळवला. नानांनी बोलणं टाकलं. टाकू देत. पुढच्या वेळी हत्यार माझ्या हातात हवं होतं, 'कशावरून' विचारणारं कोणी नको होतं.

जन्मभर कवट्या उघडल्या. दरवेळी भोक पाडण्याआधी हात थांबवून कान द्यायचो. नर्सना वाटायचं, डॉक्टर देवाचं नाव घेतायत.

सुकलाल कसा बोलला, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्याच्यानंतर एकही जण बोलला नाही... माझ्या हाताखाली जे गेले, तेसुद्धा नाहीत.