माह्या जीपची मागची बाजू

सांगाव का नाई, याचाच इचार करून राहिलो होतो राजेहो. पन तुमी चहा पाजला, आन बाहेर कोनाकून आयकाल तं थो तिखटमीठ लावून सांगन. त्यापक्षा आपली फजिती आपनच सांगतलेली बरी.

मी दर्यापूर-अमरावती जीप चालवतो, हे तुमाले माईत हाय. काळीपिवळी. जुनी हाय, पन माही हाय. आन माहा सोभाव बी तुमाले माईत हाय. माहा कोनावर भरोसा नाई. माही बायको मंगळा म्हनते, का या मानसानं लग्नात अंतरपाट धरला तवा बी खालून वाकून पायलं होतं, पोरगी थेच हाय ना म्हनून. पायलं होतं. त्यात काय चुकलं?

आता दर्यापूरच्या स्टँडवर माही जीप जिथं लागते, तिच्या बरोब्बर मागं बंडूची पानटपरी हाय. या बंडूचं तोंड मी कधी पायलंच नोतं. बाराही महिने तोंडाले दुपट्टा. उन्हाळ्यात समजू शकतो, आपल्या वऱ्हाडात दुपट्टा नाई बांधला तं मानूस भाजून निंगते. पन भर थंडीत? मी मनात म्हनलं, हा कुठून तरी काईतरी करून पळून आलेला हाय. पान मी त्याच्याचकून घेतो, पन चुना सोता लावतो.

दुसरा वहीम बाकीच्या जीपवाल्यायवर. गावाबाहेर निंगालो का सारे हॉर्न वाजवत माह्या पुढं जातात. जसं पुढं कोनी फुकटात सोनं वाटून राहिलं. मले वाटे, हे सारे मिळून माह्या रस्त्यातल्या सवाऱ्या उचलून राहिले.

असा मी. आन अशात अमरावतीत नियम निंगाला. दवाखाना, शाळा आन कापडाची दुकानं ज्या भागात हायेत, तेवढा भाग धूरबंद. नाक्यावर मशीन. गाडीच्या नळीले लावतात आन धूर मोजतात. कमी असला तं खुशाल आत जा. जास्त असला तं सवाऱ्या नाक्यावर उतरवा, तिथून पुढं बॅटरीचा ऑटो.

आता तुमीच सांगा, दर्यापूरहून जीपमंदी कोन जाते? कोनाची माय दवाखान्यात, कोनाले लग्नाचा बस्ता घ्याचा. त्यायले नाक्यावर उतरवलं तं थे उद्या माह्या जीपमंदी काहून बसतीन? आत जानाऱ्या जीपमंदी बसतीन. आन मी स्टँडवर माशा मारत बसीन.

वरून त्या नाक्यावर बॅटरीचा ऑटो कोन चालवते? माहा सख्खा साळा, विलास. दिवाळीत त्यानं ऑटो घेतला आन उन्हाळ्यात नियम निंगाला. माह्या डोक्यात लगेच ट्यूब पेटली. मंगळाले म्हनलं, तुह्या भावाचं आन वरच्या सायबाचं काईतरी शिजलं हाय.

"अवो, त्याचं सोताच्या बायकोसमोर काई चालत नाई," मंगळा म्हने, "सायबापाशी काय चालन? त्यापक्षा गाडीचा डिझल सोडनारा पंप मिस्त्रीले दाखवून द्या एकदा. तुमच्या गाडीवरून उतरलं का माहा पदर काळा होते."

मी म्हनलं, पदर काळा होते थो धुळीनं. आपल्या इकडली मातीच काळी. तिनं पदर माह्या नाकासमोर झटकला आन आत निंगून गेली.

पयल्या दिवशी नाक्यावर माही जीप नापास झाली. विलास धावत आला. भाऊजी, सवाऱ्या मी नेतो, पैशाचं पाहू नका, म्हने. पंप दुरुस्त करनारा माह्या वळखीचा हाय, पंप नीट झाला का तुमची गाडी बी आत. इतकं गोड बोलला का माहा वहीम पक्काच झाला. तेवढ्यात एक मोठी चकचकीत गाडी आली. तिची बी तपासनी केली आन तिले बी परत धाडलं. आतला शेठ लालपिवळा झाला. दुसऱ्या कोनी म्हनलं असतं, चला, नियम साऱ्यायले सारखा हाय. मी म्हनलं, नाटक हाय. मले दाखवाले केलं. हा शेठ आता मागच्या गल्लीतून आत घुसन.

अधिक महिना चालू होता. सासरवाडीहून धोंड्याच्या जेवनाचं बलावनं आलं. जवाई मानूस मी, मानपान, पुरनाचे धोंडे, सारं सोडलं. गेलो नाई. धोंडे खाऊ घालतीन आन वरून पंप गळ्यात मारतीन, असा माहा हिशोब. मंगळा एकटीच जाऊन आली.

मंग मी आंदोलन ठरवलं. माहा मुद्दा काई अगदीच खोटा नोता बरं. ज्याच्यापाशी पैसा त्याची नवी गाडी, म्हनून थो आत. ज्याच्यापाशी जुनी थो बाहेर. हा काय न्याय झाला? हे आयकून बाकीचे जीपवाले बी आले. मी सांगून टाकलं, माही जीप या नाक्यातून आत जाईन, आन साऱ्यायच्या डोयासमोर जाईन.

नाक्यावर जीप आडवायच्या दांड्याले भिडवून उभी केली. इंजिन बंद केलं नाई. माह्या जीपचा स्टार्टर जरा रुसका हाय, एकदा बंद केली का धक्का मारल्याबिगर सुरू होत नाई. म्हनून मी तिले दिवसभर घुरघुरतच ठेवतो. बोनेटवर चढलो. समोर सारे जीपवाले, एका बाजूले हवालदार, मागं घुरघुरनारी जीप. काय भाषन ठोकलं म्हनता! गरिबाच्या गाडीतून धूर निंगते आन श्रीमंताच्या गाडीतून काय अत्तर निंगते का, असं इचारलं. टाळ्या पडल्या.

आन तेवढ्यात हवा फिरली.

माह्या पाठीमागून काळा लोट आला. डोळे चुरचुरले, घशात कोंडलं. समोरचे सारे खोकलाले लागले. माह्या ध्यानात लगेच आलं. पोलिसायची समोरून हिंमत झाली नाई, म्हनून मागून वार केला.

"भागू नका," मी खोकलत बोंबललो. "अश्रुधूर सोडला यायनं. अश्रुधूर हाय हा. डोयाले रुमाल लावा."

कोनी भागलं नाई. सारे नुसते माह्याकडं पायत होते, बंडू पायते तसेच, रुमालाच्या वरून. हवालदार डोळे पुसत जवळ आला. त्याचे बी डोळे लाल. माह्या मनात आलं, सोताच्याच मानसावर सोडला का यायनं?

"भाऊ," थो म्हने, "खाली उतरा आन आपल्या गाडीच्या मागं जाऊन उभे राहा."

गेलो. आन खरं सांगतो राजेहो, इतके वर्सं जीप चालवली, पन ती सुरू असताना तिच्या मागं मी कधी उभाच राहिलो नोतो. काहून राहीन? ड्रायवर पुढंच बसते. नळीतून असा काळाकुट्ट धूर, जशी वीटभट्टीच पेटवली. मी तरी शेवटचा हात मारला. म्हनलं, हे कोनीतरी आत्ताच माह्या डिझलमंदी काईतरी टाकलं.

तवा आमच्यातला एक जुना जीपवाला रुमाल बाजूले करून म्हने, "अबे, तुही गाडी पयलेपासून अशीच हाय. तुह्या मागं गाडी चालवनं होत नाई, म्हनून तं आमी सारे पुढं निंगतो."

मले लय लाज वाटली. हवालदारानं इंजिन बंद कराले लावलं. बंद केलं. दोन मिंटात हवा साफ झाली आन समोरची शाळेची भिंत दिसाले लागली. जीप काई सुरू होईना. पंपवाल्याचं ग्यारेज नेमकं धूरबंद भागात, आतल्या बाजूले.

विलास दोर घेऊन आलाच. धोंड्याच्या जेवनाचं एका शब्दानं काढलं नाई. ऑटोले दोर बांधला, आन ज्यायनं माह्यासाठी घोषना देल्या, त्यायनंच मागून जीपले धक्का देला. हवालदारानं मशीन लावाची बी तसदी घेतली नाई. धूर नाई ना, म्हने, मंग जाऊ द्या. दांडा वर केला. म्हंजे मी बोललो होतो तसंच झालं. माही जीप साऱ्यायच्या डोयासमोर आत गेली. पुढं साळा, मागं आंदोलन, मधात मी स्टेअरिंगले धरून.

पंपाले खर्च आला, थो माह्याच खिशातून गेला. आता मशीनवर पास होते. सवाऱ्या दवाखान्याच्या दारात उतरतात, मंगळाचा पदर साफ राहते. काळी माती आपली होती तशीच हाय, थे काई मशीननं बदलली नाई. हे मी मंगळासमोर बोलत नाई.

पन खरी मजा पुढंच हाय. पंप नीट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दर्यापूरच्या स्टँडवर जीप लावली. घुरघुर चालूच ठेवली, सवय हाय. पान घ्याले मागं वळलो तं टपरीत भलताच मानूस. गोरापान, बारीक मिशा, चांगला हसतमुख. माही नजर लगेच बारीक झाली. म्हनलं, टपरी बळकावली यानं. बंडूले कुठं गायब केला?

बंडूच्या पैशाचा गल्ला हातानं दाबून धरला आन त्याले इचारलं, कोन बे तू? बंडू कुठं हाय?

त्यानं मागं खुंटीले टांगलेल्या दुपट्ट्याकडं बोट दाखवलं. मंग म्हने, "भाऊ, मीच बंडू."