इनासचा अननस

विश्राम मोहिते सकाळी उठला की आधी चहा, मग पेपर आणि मग बाकीचं जग. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मात्र तो डोंबिवलीतल्या आपल्या तळमजल्याच्या मागच्या दारात उभा राहून सगळी सोसायटी जागी होईल एवढ्या मोठ्यानं ओरडला.

"अगं शेवंती, ये! आधी ये! दांडा आलाय!"

बायकोला वाटलं साप निघाला. ती लाटणं घेऊनच धावली. बघते तर नवरा कुंडीतल्या त्या धटिंगण झाडासमोर उभा, डोळ्यांत पाणी, आणि बोट झाडाच्या पोटाकडे. चार हात रुंद पसरलेल्या जाड पानांच्या मधोमध लालसर कोंब डोकं वर काढत होता.

"बारा वर्षांनी!" विश्राम म्हणाला.

"अननस लागणार का आता?" शेवंतीनं विचारलं. हा प्रश्न ती बारा वर्षं विचारत होती, निव्वळ त्याला चिडवायला. झाड अननसाच्याच जातीतलं, पण त्याला अननस लागत नाही. आयुष्यात एकदा पुरुषभर उंचीचा दांडा येतो, त्यावर पांढरी फुलं येतात, आणि मग झाड आपलं काम आटपून हळूहळू वाळून जातं. पानांची वाटी इतकी खोल की तिच्यात बादलीभर पाणी राहतं. झाड त्या पाण्यावरच जगतं.

आणि इथेच खरी गंमत होती. विश्राम मलेरिया खात्यातला माणूस. तेहेतीस वर्षं ठाण्यात दारोदार फिरून लोकांचं साठलेलं पाणी ओतून देणं हीच त्याची नोकरी. पिंप, टायर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, काही म्हणून त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा" हे वाक्य तो झोपेतही बोलायचा. असल्या माणसाच्या परसात हे पाणी साठवणारं झाड आलं कसं, हे सोसायटीला न सुटलेलं कोडं होतं. तो सांगायचाच नाही. लाज वाटायची.

बारा वर्षांपूर्वी डेंग्यूनं कहर केला होता, तेव्हाची गोष्ट. माजिवड्याच्या गावठाणात जुलिया आंटीच्या अंगणात त्याला असलंच झाड दिसलं. वाटीत टॉर्च मारला तर अळ्या वळवळत होत्या. आंटी म्हणाली, "थांब रे, मी येते," आणि आत गेली. विश्राम थांबला नाही. त्या दिवशी त्याला अजून चाळीस घरं तपासायची होती. त्यानं कुंडीला हात घातला आणि झाड आडवं केलं. पाणी गेलं, पण कुंडी ओट्यावरून निसटली आणि झाडाचा गाभा कट्टकन मोडला.

आंटी बाहेर आली ती बघतच राहिली. ते झाड तिच्या नवऱ्यानं, इनासनं लावलेलं होतं. फूल न बघताच तो गेला होता, आणि त्याच्या वाटचं फूल आपण बघायचं असं तिनं ठरवलं होतं. ती ओरडली असती तर विश्रामला बरं वाटलं असतं. पण तिनं मोडक्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं बोटाएवढं पिल्लू उपटलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे आता तू वाढव. फूल आलं की मला बोलाव."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी विश्राम पाईप लावायचा आणि वाटीतलं पाणी भळाभळा उतू जाईपर्यंत धुऊन काढायचा. त्यानं एकही रविवार चुकवला नाही. मेव्हण्याच्या लग्नाला तो उशिरा पोहोचला तो यामुळेच, आणि शेवंती ते अजून विसरलेली नाही.

आता दांडा आल्यावर तर त्याला काही सुचेना. शिंप्याची टेप घेऊन तो रोज उंची मोजायचा आणि माजिवड्याला फोन लावायचा. "आंटी, आज चार बोटं वाढला!" पलीकडून ब्याऐंशी वर्षांची आंटी खुदकन हसायची. दिवाळीपर्यंत दांडा विश्रामच्या डोक्याच्या वर गेला. त्याला फांद्या फुटल्या, फांद्यांवर कळ्या धरल्या. आणि एक दिवस फोनवर आंटीच म्हणाली, "विश्राम, माझा पोरगा लॅन्सी मला कॅनडाला नेतोय. पुढच्या रविवारचं तिकीट आहे. आता तिथंच राहायचं म्हणतो."

विश्रामचा जीव टांगणीला लागला. कळ्या घट्ट मिटलेल्या, हातात नऊ दिवस. तो ऑफिसातून दुपारी घरी फोन करायला लागला, "उमलली का?" ही बातमी सोसायटीत फुटली. मधल्या रविवारी सकाळपासून निम्मी सोसायटी परसात जमली, कोणी फोटो काढतंय, कोणी दांड्याला हळदकुंकू लावू का विचारतंय. विश्राम सगळ्यांना थोपवत, माहिती देत, चहा पाजत दिवसभर नाचत होता. असा आनंदी तो स्वतःच्या लग्नातही नव्हता, असं शेवंतीचं मत.

शुक्रवारी सकाळी सगळ्यात खालची एक कळी उमलली. एकच, पण उमलली! विश्रामनं रजा टाकली, गाडी केली आणि तासाभरात माजिवडा गाठला. तिथून जुलिया आंटीला घेऊन दुपारच्या आत तो परत परसात हजर.

आंटी काठी टेकत झाडापाशी आली. विश्राम श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. पण तिनं मान वर केलीच नाही.

"टॉर्च आण," ती म्हणाली.

"टॉर्च? आंटी, फूल वर आहे."

"फूल बघते मग. आधी तपासणी. टॉर्च आण नि डाव आण."

विश्राम हसत हसत दोन्ही घेऊन आला. बारा वर्षांत एक अळी नाही, तपासू दे खुशाल. आंटीनं वाकून वाटीत उजेड टाकला, डाव बुडवला, वर काढला आणि त्याच्यासमोर धरला. डावात दोन अळ्या वळवळत होत्या.

विश्रामचं तोंड पांढरं पडलं. रविवार! चहा, फोटो, हळदकुंकू यांच्या नादात पाईप लावायचाच राहिला होता.

"काय करायचं मग? तूच सांग, तू साहेब," आंटी म्हणाली आणि तिनं एक हात कुंडीच्या काठावर ठेवला.

"आंटी, नको!" तो जवळजवळ किंचाळला. "थांबा, थांबा! मी पाईप आणतो!"

आंटी थांबली. तिनं कुंडीवरचा हात काढून घेतला.

"मी पण तेव्हा पाईपच आणायला गेलेले रे," ती म्हणाली.

विश्राम तसाच गेला, पाईप घेऊन आला, आणि रडत रडत त्यानं वाटी धुऊन काढली. पाणी दोघांच्या पायांवरून वाहत गेलं. मग आंटीनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला, चवड्यांवर उभी राहिली आणि मान वर करून त्या एकुलत्या एक फुलाकडे पोटभर बघून घेतलं.

"इनास, आलं रे तुझं फूल," ती म्हणाली.