सोमवारचे दात

करडी गावाच्या पलीकडे एक छोटी उसना, म्हणजे उकड्या तांदळाची, मिल होती. धान भिजवायचं, वाफवायचं, सिमेंटच्या आंगनावर वाळवायचं आणि मग भरडायचं. वाळवणावर आम्ही अठरा बायका. उन्हात चालत पायानं धानात ओळी पाडायच्या, म्हणजे खालचं वर येतं. भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन सात-आठ वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी दहावी झालेली, म्हणून पोत्यांवर नंबर टाकायचं काम माझ्याकडे.

आमची मुकादम सुलोचनाबाई. धान वाळलं की नाही, हे ती दातानं ओळखायची. मूठभर दाणे उचलून एकेक दाढेखाली धरायची. कट्ट वाजला तर वाळला, चेपला तर आणखी एक ऊन. ओलं धान मिलमध्ये गेलं की तांदळाचा नुसता तुकडा होतो, कनकी. म्हणून तिनं ‘भरा’ म्हटल्याशिवाय एक पोतं भरलं जात नसे.

पण सोमवारी तिचा कडक उपास. दाणा जिभेला लागला की उपास मोडला, असं ती मानायची. मग सोमवारी दाणा चावायची शकुनबाई. दोघी एकाच दिवशी मिलवर लागलेल्या. एक मुकादम झाली, दुसरी ओळीतच राहिली. तरी जेवायला डबे एकमेकींचे उघडायचे.

शकुनबाईच्या घरी बुद्धाची तसबीर, उपासतापास नाही. ती चिडवायची, “काहून वं सुलोचना, तुह्या महादेवाले माहे दात चालतात?”

“दात चालतात. तोंडच लई चालते तुहं, ते नाही चालत.”

माघातल्या एका सोमवारी शकुनबाईनं दाणे तोंडात घातले, मान हलवली आणि ‘भरा’ म्हणाली. साठ पोती भरली. बुधवारी तांदूळ निघाला तो निम्मा कनकी.

सुलोचनाबाईनं तिला हातपंपाजवळ गाठलं. मी तिथंच हात धूत होते.

“आ कर.”

“कायले?”

“आ कर म्हनते ना!”

दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या. मागच्याच आठवड्यात भंडाऱ्याला जाऊन काढून आली होती, आणि सोमवारी दाणे नुसते तोंडात घोळवून अंदाजानं सांगितलं होतं.

“मले सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं असतं त सोमवारी मले कोनं बोलावलं असतं?” शकुनबाई म्हणाली. “सहा दिवस मी पायानं धान फिरवतो. एक दिवस साऱ्या बाया माह्या तोंडाकडं पाहातात.”

सुलोचनाबाईनं पदर खोचला आणि ती ऑफिसकडे निघाली. पोत्यांचे नंबर सांगायला मलाही बोलावलं होतं, म्हणून मी मागोमाग गेले.

मालक घनश्यामभाऊंच्या पुढ्यात कनकीचं सूप होतं. “हा माल शकुननं पास केला ना? उद्यापासून तिले येऊ नको म्हना. दोस्ती घरी ठेवा, मुकादमबाई.”

“दोस्तीचं मंग बोलू, भाऊ. पास करनं काम कोनाचं? माहं. उपास माहा, अन् दात मी तिचे लावले. असं कर म्हनून महादेवानं नाही सांगतलं मले. काढाचं असन त मले काढा.”

“तुमाले काढून आंगन कोनाच्या भरोशावर चालवू?”

“त मुकादमी काढा. हा हंगाम मी ओळीत चालतो. पन शकुन कामावर राहीन.”

“अन् मी नाही म्हटलं त?”

“त उद्या दोघीही येत नाही.”

दारातून आवाज आला. शकुनबाई केव्हा येऊन उभी राहिली, कळलंच नव्हतं. “मालक, चूक माही हाय. दाढा गेल्या, मी लपवलं. हिचं आयकू नका.”

सुलोचनाबाईनं वळूनही पाहिलं नाही. “तू चूप राह्य. तुह्या चुकीचं मी मंग पाहीन. काम माहं होतं.”

घनश्यामभाऊंनी कनकीचं सूप बाजूला सारलं. मग त्यांनी मुकादमी आमच्या ओळीतल्या मंगलाबाईला दिली. शकुनबाईला ठेवलं.

मी गुरुवार करते. त्या दिवसापासून उपासाच्या दिवशी माझं काम दुसरीच्या अंगावर टाकलं नाही. देवापुढे हात जोडताना आधी तेच आठवतं.

दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई चप्पल काढून आमच्या ओळीत उतरली. पायाची सवय गेलेली, दुपारपर्यंत तळव्याला फोड. बसली मात्र नाही. शकुनबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. “मले न इचारता माह्यासाठी कायले पडली उन्हात,” एवढंच मला म्हणाली.

शनिवारी मात्र तिला राहवलं नाही. मागून ओरडली, “ओ बाई, ओळ पाह्य कुठं चालली तुही! नाग चालला जसा. पाय उचलू नको, वढ.”

“वढूनच राहिलो ना.”

“लंगडून राहिली. हो बाजूले, माह्या मांगं ये.”

सुलोचनाबाई बाजूला झाली आणि तिच्या पावलामागं पाऊल टाकत निघाली. अर्धं आंगन अजून फिरवायचं होतं.