राईस मिलची राख आणि सात बाटल्या

आमच्या कपाटात गाडी साफ करण्याच्या सात बाटल्या आहेत. त्यांतल्या सहा कचरा आहेत. हे मत घाईने बनवलेलं नाही. प्रत्येक बाटली मी मापाने वापरली आणि परिणाम वहीत लिहिला.

गाडी मुळात आमची नाही. सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची. ते दवनीवाड्याचे, शाळेतून निवृत्त झालेले. काचबिंदूने नजर जवळजवळ गेली तेव्हा त्यांनी गाडी आमच्या दारात आणून लावायला सांगितली. काळा रंग, नऊ वर्षं जुनी, एक ओरखडा नाही. किल्ली देताना म्हणाले, "जवाईबुवा, चालवा कितीबी. आंग मातर खराब होऊ देऊ नोका."

अकरा महिन्यांनी फोन आला, पुढच्या महिन्यात ते चार दिवस राहायला येणार. त्या दुपारी मी गाडी उन्हात उभी करून पाहिली. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे होते. एखादा नव्हे, सगळीकडे.

दोष शाम्पूचा असणार, असं मी ठरवलं आणि बाजारात गेलो. तिथला गाड्यांचं सामान विकणारा माणूस बाटलीवरचं कधीच वाचत नाही, ती फक्त हलवून दाखवतो. मी विचारलं, यात काय आहे? म्हणाला, "साहब, इसमें चमक है." किती पाण्यात किती घालायचं? "अंदाज से." एका बाटलीवर टायरचं चित्र होतं, आत डॅशबोर्डला लावायचं तेलकट पाणी निघालं. ते मी इमानदारीने लावलं. दोन दिवसांत डॅशबोर्डवर इतकी धूळ चिकटली की त्यावर बोटाने नाव लिहिता आलं असतं. काचेच्या स्प्रेने काचेवर पट्टे उमटले. मेणाच्या डबीवर सहा महिन्यांची हमी होती. मेणावर गोल उभे राहणारे पाण्याचे थेंब दुसऱ्याच आठवड्यात पसरू लागले. मोबाइलवर हेच सामान विकणारी मंडळी तर आधी गाडीवर चिखल फासतात, मग तो धुतात आणि धुतलेल्या गाडीला बाटलीचा प्रताप म्हणतात. चिखल साध्या पाण्याने निघतो, हे सांगायला त्यांना तोंड नसतं.

एकच बाटली खरी निघाली. साधा शाम्पू, दहा लिटर पाण्याला दहा मिलिलिटर. तिच्यावर चमक हा शब्द कुठेच नव्हता.

पण मग ओरखडे कशाचे? मी ओट्यावर वही उघडून बसलो होतो. बायको गॅस पुसत होती.

"सकाळी गाडी कायनं पुसता जी तुम्ही?"

"कपड्यानं. चांगल्यातला आहे, मऊ."

"ओला का कोरडा?"

"कोरडा. ओल्यानं डाग पडतात."

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "अन् तुमची माय भाताचा गंज कायनं घासे?"

उत्तर घरासमोरच उभं होतं. आमचं घर मुर्री गावाच्या कडेला आहे, पलीकडे राईस मिल. तिथे धानाचा भुसा जळतो आणि सकाळी गाडीवर करड्या राखेचा थर बसलेला असतो. हीच राख माझी आई पोत्यात भरून ठेवायची. करपलेला गंज, म्हणजे भाताचं पातेलं, तिने दोन मिनिटांत निघायचं, कारण राख खरखरीत असते. ही गोष्ट या भागात शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत आहे. मी मात्र शाम्पूचं प्रमाण काढत बसलो होतो.

मग हिशेब केला. अकरा महिने, शाम्पूने धुण्याचे रविवार आणि बाहेरगावचे दिवस वगळून सुमारे दोनशे ऐंशी सकाळी. बॉनेटवर दर वेळी चौदा हात. म्हणजे तीन हजार नऊशे वीस वेळा मी मामाजींची गाडी गंजासारखी घासली. मऊ कपड्याने.

यानंतर मी जे केलं ते दुकानदारापेक्षाही हलकं होतं. त्याच्याकडे पुन्हा गेलो. त्याने सातवी बाटली काढली, ओरखड्यांत भरून बसणारं पॉलिश. "तीन धुलाई तक कुछ नहीं दिखेगा." मी घेतली आणि मामाजी यायच्या सकाळी लावली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"ज्याले दिसत नाही त्याच्यापासून लपवून राहिले. वा जी!"

मामाजी आले. चहा घेण्याआधी गाडीजवळ नेऊन सोडा म्हणाले. बॉनेटवर पंजा ठेवला, फिरवला, मग बोटं नाकाशी नेली.

"जवाईबुवा, तेल कायले लावलं जी?"

मी सगळं सांगितलं. राख, कोरडा कपडा, सातवी बाटली. आकडासुद्धा सांगितला. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दोन बादल्या पाणी मागितलं.

"आंधी पाणी वता. राख वाहून जाऊ द्या. हात मंग लावा."

मी पाणी ओतलं, शाम्पूने धुतलं, पुन्हा ओतलं. असं तीनदा. दुकानदाराचा शब्द खरा ठरला. तिसऱ्या धुण्याला ओरखड्यांची जाळी जशीच्या तशी वर आली. मामाजींनी बॉनेटवर अंगठ्याचं नख आडवं ओढलं, चार ठिकाणी.

"नख अडकत नाही. वरच्यावरच हाये. कारागीर घासून काढून देईल."

मी म्हणालो, उद्याच नेतो.

"नोका नेऊ," ते म्हणाले. "मले त दिसत नाही. तुमाले दिसत राहू द्या."

आणि चहा मागितला. दुसऱ्या सकाळी मी सवयीने दाराजवळच्या खिळ्याकडे हात नेला तर तो मऊ कपडा तिथे नव्हता. बायको त्याने गॅस पुसत होती. खिळ्याखाली पाण्याने भरलेली बादली ठेवलेली होती.