वाढीपुढचं शून्य

आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं उसाचा रस तपासला. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. कसलाही रिपोर्ट हातात आला की आधी आकडे बघायचे. आकडा मोठा असला की खूश, छोटा असला की चेहरा पडलाच. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेपासून तो चेहरा मी ओळखते.

यंदा उन्हाळ्यात आईला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती, तरी चार महिने अंगावरून लाल जात होतं, आणि बाईनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळल्यावर मी तिच्यावर अशी ओरडले की अजून लाज वाटते. बारामतीत ऑपरेशन झालं, पिशवी काढली. डॉक्टरबाई म्हणाल्या, रोग लवकर सापडलाय. आता गाठीतल्या पेशींवरचे, शरीरातले संदेश पकडणारे रिसेप्टर तपासून घेऊ, म्हणजे रोग किती जोराचा आहे, परत येण्याची भीती कितपत आहे, केमो लागेल का, याचा अंदाज येईल.

रिपोर्ट आणायचं काम तात्यांकडं होतं. मी शिकवते त्या शाळेतला शेवटचा तास संपला की भवानीनगरला, घरी फोन लावायचे. "आला का?" "न्हाय अजून." आठ दिवस हेच चाललं. शेवटी लॅबवाल्यांना झापायला मीच फोन केला, तर पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमचे वडील मागच्याच आठवड्यात घेऊन गेलेत."

तशीच गाडी काढून घरी गेले. तात्या गोठ्यात होते. मला बघून त्यांनी बंडीच्या खिशातून घड्या पडून मऊ झालेला कागद काढला. इंग्रजी ओळींमध्ये त्यांना एकच शब्द ओळखीचा सापडला होता, ग्रोथ. आणि त्याच्यापुढं शून्य.

"वाढ शून्य हाय, पोरी," ते म्हणाले. "वाढच खुटली म्हणल्यावर मागं काय ऱ्हायलं? तुज्या आईला कुठल्या तोंडानं सांगू?"

उसाच्या पेरावरून बरंवाईट ठरवणाऱ्या माणसाला, एखादी वाढ नसणंच चांगलं असतं, हे सुचावं तरी कसं? खरं तर मलाही काही नक्की माहीत नव्हतं. पण मी चिडले होते. त्या चिडीतच दोघांना गाडीत घातलं आणि डॉक्टरबाईंपुढं नेऊन बसवलं.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "तात्या, हे शून्यच आपल्याला हवं होतं," त्या म्हणाल्या. "कॅन्सरच्या पेशींना भराभर वाढायला लावणारा एक रिसेप्टर असतो, तो इथं नाहीच. हार्मोनचे रिसेप्टर मात्र भरपूर आहेत, तेही चांगलं लक्षण. सगळं मिळून बघता केमोची गरज दिसत नाही. शंभर टक्के हमी कुणी देत नसतं, म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं."

"म्हंजी शून्यच बरं?" तात्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. "ऐकलंत ना एकदा!" मी खेकसले. तेवढ्यात, इतका वेळ पदराशी चाळा करत बसलेली आई बोलली.

"तुमी दोगं जरा गप बसा. दुखणं माजं हाय." मग डॉक्टरबाईंकडं वळून म्हणाली, "आठ दिस ह्यांचं तोंड बघून मी काय समजायचं ते समजले व्हते. मला त्या कागदातलं कळत न्हाय, बाई. मला येवढंच सांगा, औंदा आडसाली ऊस लावू, का नुसती बाजरी पेरू?"

बाजरी तीन महिन्यांत निघते. आडसालीला दीड वर्ष लागतं. घरची दोन एकर आईच बघते, आणि पाऊस सुरू झाला तरी तिनं रानाचं नाव का काढलं नाही, ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

डॉक्टरबाईंचं माहेर उसाचंच. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आडसालीच लावा, मावशी. आणि तो तुटला की खोडवाही राखा."

खोडवा म्हणजे त्याच मुळांवरचं पुढच्या वर्षीचं पीक. आईनं ओठ हलवत महिने मोजले, आणि ऑपरेशनच्या दिवशीही न रडलेली माझी आई तोंडाला पदर लावून रडली. मग डोळे पुसून तात्यांना म्हणाली, "ऐकलं न्हवं? मग लावायला उसाचं बेणं बगा की चांगलं."